ड्रायव्हरच्या बाजूची काच

माझ्या नवऱ्याने आमची गाडी फोडली तेव्हा मी गाडीतच बसले होते. शनिवारची सकाळ होती. टेक्सासमधल्या प्लेनो शहरातल्या आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये मी गाडी सुरू करून सीटबेल्ट लावत होते, भाजी आणायला निघाले होते, आणि तो जिना उतरून येताना दिसला. हातात चाकाचे नट सोडवायचा पाना होता. मला वाटलं, वरून त्याला टायरमध्ये हवा कमी दिसली असेल. मी काच खाली करायला बटणावर बोट ठेवलं. तेवढ्यात त्याने पाना उगारला आणि माझ्या तोंडासमोर काच फुटली.

दाराची काच फुटते तेव्हा तिचे सुरे होत नाहीत, खडीसाखरेएवढे तुकडे होतात. ते माझ्या केसांत, कुर्त्याच्या गळ्यात, मांडीवर सगळीकडे उडाले. एक जिभेवर आला. पुढचा घाव आरशावर बसला आणि आरसा वायरला लोंबकळू लागला. मग दारावर, मग पुन्हा दारावर, पत्रा आत चेपेपर्यंत. तो काहीच बोलत नव्हता. नुसता श्वास ऐकू येत होता, जिम करताना घेतात तसा. मग त्याने पाना टाकला, खिडकीतून हात घालून माझा दंड धरला आणि मला खिडकीतूनच बाहेर ओढायला लागला. सीटबेल्टने मला धरून ठेवलं. समोरच्या गॅलरीत एक बाई कॉफी पीत उभी होती, ती आत गेली आणि तिने सरकतं दार लावून घेतलं. मी गिअर रिव्हर्समध्ये टाकला. तो थोडा फरफटत आला, मग त्याचा हात सुटला.

हा माणूस पुण्याचा, चांगल्या घरातला, कंपनीत सगळ्यांचा आवडता. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करायचा तेव्हा काकू लोक मला म्हणायच्या, काय गोड आवाज आहे गं तुझ्या नवऱ्याचा. घरी तो आवाज चढवत नसे. वस्तू फोडायचा. आधी मिक्सरचं भांडं, मग माझा फोन, मग बाथरूमचं दार. वस्तूंवरून माझ्यावर कधी आला ते मला नीट सांगता येत नाही, कारण मधल्या काळात तो मला ढकलायचा आणि मी त्याला ढकलणं म्हणत नव्हते. लागलं, म्हणत होते.

त्या शनिवारचं कारण मात्र मला ठाऊक होतं. मी त्याच्या व्हिसावर अवलंबून होते. नोकरी करायची परवानगी होती, पण ती त्याच्या कागदांना जोडलेली. तो राहिला तर मी राहणार, त्याने ठरवलं तर मी नागपूरला परत. आदल्या दिवशी माझी मॅनेजर म्हणाली की कंपनी माझ्या नावाने स्वतंत्र व्हिसासाठी अर्ज करायला तयार आहे. मी घरी येऊन आनंदाने सांगितलं. तो म्हणाला, अरे वा, काँग्रॅट्स. मग जेवला, मॅच बघितली, झोपला. आणि सकाळी मी उठायच्या आत गाडीच्या डिकीतून पाना काढून वर नेला.

मी सरळ माझ्या मैत्रिणीकडे गेले. ती यवतमाळची, फिजिओथेरपिस्ट, एकटी राहणारी. आमची ओळख बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात खिरीच्या पातेल्यापाशी झाली होती. तिने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता बाथरूममध्ये नेऊन माझे केस विंचरले. टबमध्ये काच पडल्याचा आवाज येत राहिला. पोलिसांना फोन करू का, एवढंच तिने विचारलं. मी नको म्हणाले. तिने तेव्हा हट्ट केला नाही, पण माझ्या दंडाचे फोटो काढून ठेवले.

आठवडाभर मी तिच्याकडे राहिले. खिडकीला काळी कचऱ्याची पिशवी चिकटपट्टीने लावली होती, ती हायवेवर इतकी फडफडायची की शेजारच्या लेनमधले लोक वळून बघायचे. तिच्याआडून डावीकडचं काही दिसायचं नाही आणि आरसाही नव्हता, त्यामुळे मी एकाच लेनमध्ये जीव मुठीत धरून ऑफिसला जात होते. त्याचे मेसेज येत होते. आधी माफीचे, मग आईची तब्येत बिघडल्याचे, मग नुसती फुलं. बुधवारी आमच्या ओळखीच्या एका काकांचा फोन आला. ते म्हणाले, मुलगा मनाने वाईट नाही, त्याला कामाचं प्रेशर आहे, तू समजूतदार आहेस. मी समजूतदार असल्याचं मला इतक्या वेळा सांगितलं गेलं होतं की मी लगेच हो म्हणाले. रविवारी घरी जायचं ठरलं.

त्याला कळवलं तेव्हा त्याचं उत्तर आलं, की ये, पण आधी ती काच बसवून घे, पार्किंगमध्ये लोक बघतात.

विमा त्याच्या नावावर होता, त्यामुळे तो मार्ग नव्हता. काचवाल्याकडे गेले तर त्याने चेपलेलं दार बघून विचारलं, काय झालं. मी गाडी सुरू केली आणि निघून आले. तेव्हा मैत्रीण म्हणाली, जंकयार्डला जाऊ. ती विद्यार्थी असताना जुन्या गाड्यांवर दिवस काढलेली होती, तिला त्या जागा पाठ होत्या. अपघातात गेलेल्या, विमा कंपन्यांनी भंगारात काढलेल्या गाड्या तिथे मैदानात मांडून ठेवलेल्या असतात. आपली हत्यारं घेऊन आत जायचं, हवा तो भाग आपणच खोलायचा आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे. आपल्या गाडीसारखीच गाडी मिळाली तर काच आणि आरसा काढून आणू, ती म्हणाली. रविवारी मी परत जाणार हे तिला अजिबात पटलेलं नव्हतं. पण शनिवारी सकाळी तिने टूलबॉक्स भरला, पाण्याच्या बाटल्या बर्फात टाकल्या आणि मला तिची जुनी जीन्स दिली.

मी तोपर्यंत अशी जागा पाहिली नव्हती. फाटकावर एका माणसाने टूलबॉक्स उचकून पाहिला. जॅक नेता येत नाही, कटर नेता येत नाही, गाडीखाली शिरायचं नाही, असं त्याने पाठ म्हटल्यासारखं सांगितलं. आत गेल्यावर रांगाच रांगा. चाकं काढलेल्या गाड्या, लोखंडी रिम एकमेकींना वेल्ड करून केलेल्या बुटक्या खांबांवर चढवलेल्या. ऑगस्टचं ऊन पत्र्यावर तापत होतं आणि गिअर ऑइल, पेट्रोल आणि कुजलेल्या सीटचा मिसळलेला वास घशात बसत होता. लांब मागच्या बाजूला एक मोठं फोर्कलिफ्ट गाड्यांच्या खिडक्यांतून आरपार काटे घुसवून त्यांना उचलत होतं आणि दाबयंत्रात टाकत होतं. यंत्र दाबू लागलं की काचा फुटायच्या, मग पत्रा किंचाळायचा, मग शांत. पुन्हा पुढची गाडी.

मी रांगेतून चालताना गाड्या बघत होते आणि मला ते बघणं थांबवता येत नव्हतं. प्रत्येक गाडी आपल्याला काय झालं ते सांगत होती. एकीचं इंजिन पुढच्या सीटवर येऊन बसलेलं. एकीच्या समोरच्या काचेला आतून बाहेर फुगा आलेला, बरोबर डोक्याच्या उंचीवर, आणि त्यात केस अडकलेले. लोंबणाऱ्या एअरबॅगांवर तपकिरी डाग. एका गाडीचा सीटबेल्ट मधूनच कापलेला होता. कोणीतरी माणूस बाहेर काढायला कापला असणार. मैत्रीण म्हणाली, आत बघू नको, नुसती मॉडेल बघत चल. तिचंही लक्ष नव्हतं असं नाही. ती त्या जखमांची माणसं रोज हाताळत होती.

आमच्यासारखी गाडी मिळाली. मागून कोणीतरी धडकलेली, पुढचा भाग धड. डावं दार शाबूत. मैत्रिणीने आरसा काढायला घेतला आणि मला दाराचं आतलं पॅनल काढायला लावलं. स्क्रू कुठे लपलेले असतात ते दाखवलं. पॅनल खेचून काढायचं तर जोर लावायला लागतो, प्लास्टिकचे चाप एकेक करून फटाफट तुटल्यासारखे सुटतात. मला ते आवडलं. मला तसं काहीतरी करायचं होतंच. मी पॅनल उपटलं, आतली प्लास्टिकची चादर फाडली, दारात कोपरापर्यंत हात घातला. पत्र्याच्या धारेने हाताला चांगलाच ओरखडा काढला, तरी मी बोल्ट सोडवत राहिले.

पलीकडच्या रांगेत एक पिकअप ट्रक होता आणि त्याच्यापाशी एक दाढीवाला माणूस एकटाच घाम गाळत होता. यार्डची चाकं लावलेली लोखंडी घोडी त्याने आणली होती, साखळी-कप्पीने इंजिन उचलायला असते ती. त्याने बरंच काम केलेलं दिसत होतं, ट्रकच्या एका बाजूचा सांगाडाच राहिला होता. थोड्या वेळाने निळ्या बनियनमधला एक माणूस तिथे आला. त्याचं म्हणणं असं, की तो गिअरबॉक्स काल त्याने खोलून ठेवला होता आणि तो त्याचा आहे. दाढीवाला म्हणाला, काल ठेवला असशील, इथे राखून ठेवता येत नाही. आवाज फार मोठे नव्हते. मी मान वर करून पाहिलं, तर बनियनवाला आता बोलत नव्हता. तो खाली वाकून पान्यावर चढवायचा लांब पाइप उचलत होता.

मला त्याचा श्वास ऐकू आला. मधे एक रांग होती, तरी ऐकू आला असं मला आजही वाटतं.

पहिला फटका दाढीवाल्याच्या खांद्यावर बसला. तो ट्रकवर आपटला. दुसरा त्याने हाताने अडवायचा प्रयत्न केला आणि हात विचित्र जागी वाकला. मग डोक्यावर. कपाळापासून रक्त एकदम सुटलं, दाढीतून गळायला लागलं. तो खाली गेला नाही, हे बनियनवाल्याला सहन होत नव्हतं. तो मारतच राहिला. पाइप कधी माणसावर पडत होता, कधी ट्रकच्या पत्र्यावर, आणि पत्र्यावर पडला की घंटेसारखा आवाज होत होता. आजूबाजूला माणसं होती. बहुतेक जण हातातली हत्यारं तशीच धरून उभे राहिले. मीही उभीच होते. माझा हात दारात अडकलेला होता आणि तो बाहेर काढावा हे मला सुचत नव्हतं. घरी मी अशीच व्हायचे. मैत्रीण मात्र ओरडली. तिने हातातला आरसा फेकला, त्या माणसाच्या अंगावर. लागला नाही, पण त्याने वळून पाहिलं.

तेवढ्यात दाढीवाल्याने लाथ मारली. बनियनवाल्याचा पाय तेलात घसरला आणि तो ट्रकच्या बाजूला पडला, एक पाय ट्रकखाली. त्याने उठायला ट्रकचं उघडं दार धरलं आणि सगळा भार टाकून स्वतःला वर खेचलं. ट्रक आधीच एका बाजूने रिकामा झालेला. तो रिमांवरून हलला. एक क्षण तसाच तिरका राहिला आणि मग खाली आला.

हाड मोडल्याचा आवाज पत्र्याच्या आवाजात ऐकू येत नाही. आम्हाला फक्त त्याची किंकाळी ऐकू आली. मांडीपासून खाली त्याचा पाय ट्रकखाली होता. तो जमिनीवर मुठी मारत होता, आईला हाक मारत होता. कोणीतरी फाटकाकडे पळालं. मैत्रीण रांगेतून आडवी घुसून त्याच्यापाशी पोहोचली, गुडघ्यावर बसली आणि मला हाक मारली, बेल्ट आण. मी हात ओढून काढला आणि कमरेचा बेल्ट काढून तिला दिला. तिने तो त्याच्या मांडीला वर आवळला, स्क्रू ड्रायव्हर घालून पिळला. मला म्हणाली, इथे दाब, सोडू नको. मी दाबलं. त्याचं रक्त गरम होतं, माझ्या मनगटाच्या ओरखड्यात गेलं.

ट्रक उचलायला जॅक नव्हता, कारण जॅक आत आणायला बंदी. फोर्कलिफ्टवाला यंत्राच्या आवाजात होता, त्याला कळेपर्यंत वेळ जाणार होता. सगळे आरडाओरड करत होते. आणि मी पाहिलं, की दाढीवाला उठला होता. त्याचा एक हात लटकत होता, एका डोळ्यावर रक्त आलेलं. तो धडपडत आपल्या घोडीकडे गेला, एका हाताने ती ढकलत आणू लागला. चाक खडीत रुतलं तेव्हा आजूबाजूच्यांना जाग आली, दोघातिघांनी ती ढकलली. त्याने साखळी ट्रकच्या चौकटीला अडकवायला सांगितली आणि स्वतः कप्पीची साखळी एका हाताने ओढायला लागला. दातांत ओठ धरून. बनियनवाला त्याच्याकडे बघत होता. दाढीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं नाही. इंच इंच ट्रक वर गेला आणि आम्ही त्या माणसाला ओढून काढलं. पाय सोबत आला, पण पाय म्हणावा असा नव्हता.

तो माणूस बाहेर निघाल्यावर दाढीवाला खाली बसला आणि बसल्या जागीच ओकला.

ॲम्ब्युलन्स आली, पोलीस आले. मी जे पाहिलं ते सगळं सांगितलं. कोणी पहिला फटका मारला, तो कुठे बसला, मग काय झालं. माझा आवाज स्थिर होता, मला त्याचं आश्चर्य वाटलं. पोलीसबाई लिहून घेत होती. तिने माझ्या दंडावरचे पिवळे पडलेले वळ पाहिले आणि विचारलं, हे आजचे आहेत का. मी म्हणाले, नाही. तिने वाट पाहिली. तिने तिचं कार्ड दिलं.

आम्ही गाडीत येऊन बसलो. एसी लावला होता, पण पिशवीतून गरम वारं आत येत होतं. मैत्रिणीचे हात कोपरापर्यंत लाल होते, आणि ती ते ओल्या टिश्यूने शांतपणे पुसत होती. ती म्हणाली, तो दाढीवाला कसा उठला असेल, मला समजत नाही.

मी म्हणाले, "त्याच्या जागी मी असते आणि ट्रकखाली माझा नवरा असता, तर मी घोडी आणली नसती."

ती पुसायची थांबली.

"मी उभी राहून बघितलं असतं," मी म्हणाले. "मघाशी त्या बनियनवाल्याच्या मांडीचा बेल्ट दाबून बसले होते ना, तेव्हा माझ्या मनात तेच चाललं होतं. हाच तो आहे आणि आपण हात सोडतोय."

ते बोलताना मला रडू आलं नाही. उलट फार स्वच्छ वाटलं आणि मग त्या स्वच्छपणाची भीती वाटली. मला तोपर्यंत वाटत होतं की घरी जाण्यात धोका मला आहे. तो सहन करायची मला सवय होती. पण आता मला कळलं होतं, की मी त्या घरात परत गेले तर कधीतरी तो झोपलेला असताना मी स्वयंपाकघरातून काहीतरी उचलून आणीन. हे रागाने नव्हतं. मला ते दिसत होतं, समोरचा रस्ता दिसावा तसं.

मैत्रिणीने टिश्यू मुठीत दाबला. "मग जाऊ नको," ती म्हणाली. "एवढंच कर. जाऊ नको."

मी गेले नाही. रविवारी दुपारपर्यंत त्याने वाट पाहिली आणि मग तो आला. मैत्रिणीचं अपार्टमेंट तळमजल्यावर होतं, दाराशेजारी स्वयंपाकघराची खिडकी. आधी बेल वाजवली. बंद दाराबाहेरूनच सूत्रसंचालनाच्या आवाजात म्हणाला, चल, आई व्हिडिओ कॉलवर थांबलीय, दोघं मिळून बोलू. मी आतून सांगितलं की मी येणार नाही. त्याने पुन्हा तेच म्हटलं. मग दारावर लाथ बसली. मैत्रीण स्वयंपाकघराच्या मागे जाऊन पोलिसांशी फोनवर बोलत होती, पत्ता सांगत होती, माझ्याकडे बघत खुणेने मागे ये म्हणत होती.

मी मागे गेले नाही. टूलबॉक्स अजून दाराशीच पडलेला होता, मी त्यातला मोठा पाना उचलला. का उचलला ते मला माहीत होतं. दारावर लाथा बसत होत्या, चौकट हलत होती. मग लाथा थांबल्या आणि खिडकीची काच फुटली. ही घराची काच, सुऱ्यांसारखी फुटली. त्याचा हात आत आला, कापलेला, आणि दाराची कडी चाचपायला लागला. मनगटावर मी वाढदिवसाला दिलेलं घड्याळ होतं. बोटं कडीपर्यंत पोहोचली.

मी पाना मारला. कडीवर नाही, बोटांवर. एकदा मारला आणि त्याची किंकाळी ऐकू आली, आणि मी पुन्हा मारला. तिसऱ्यांदा उगारला तेव्हा मैत्रिणीने मागून मला मिठी मारून हात वरच्या वर धरला. हात खिडकीतून मागे गेला. बाहेर तो शिव्या देत होता. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्याला ओरडताना ऐकलं.

पोलीस आले तेव्हा तो पायरीवर हात पोटाशी धरून बसलेला होता आणि इंग्रजीत अगदी सभ्यपणे सांगत होता, की बायको मानसिकदृष्ट्या अस्वस्थ आहे, तिने हल्ला केला. पोलिसाने फुटलेली खिडकी पाहिली, दारावरचे बुटांचे ठसे पाहिले. मैत्रिणीने आठवड्यापूर्वीचे फोटो दाखवले. मग मला विचारलं आणि मी या वेळी सगळं सांगितलं, मिक्सरच्या भांड्यापासून. पाना मी मारला हेही सांगितलं, किती वेळा तेही. त्याला हातकड्या घालताना दुखऱ्या हातामुळे त्यांना पुढून घालाव्या लागल्या.

पुढचं वर्ष वाईट होतं. कोर्टाने त्याला माझ्याजवळ यायला मनाई केली. घटस्फोटाची केस सुरू झाली. माझी कंपनी शब्दाला जागली, पण व्हिसा मंजूर होईपर्यंत रोज सकाळी मी डोळे उघडल्याबरोबर फोनवर मेल बघायचे. ज्या काकूंना त्याचा आवाज गोड वाटायचा त्यांच्यापैकी काहींनी मला दुकानात पाहून न पाहिल्यासारखं केलं. काकांचा मात्र एकदा फोन आला. मला माहीत नव्हतं गं, म्हणाले, आणि फोन ठेवला. माझ्या बाबांनी नागपूरहून एकच गोष्ट विचारली, की तुझ्या हाताला लागलं नाही ना.

यार्डच्या प्रकरणात मला सरकारी वकिलांच्या ऑफिसातून बोलावणं आलं होतं. तिथे कळलं की बनियनवाल्याचा पाय वाचला, सळ्या घालून, पण तो नीट चालणार नाही. दाढीवाल्याने साक्ष द्यायला नकार दिला नव्हता. ज्या माणसाला ट्रकखालून काढलं त्याच्याविरुद्ध तो सगळं सांगायला तयार होता आणि त्याला शिक्षा व्हावी असंच त्याचं म्हणणं होतं. मला ते ऐकून फार बरं वाटलं. त्या दिवसापासून मी त्याला क्षमाशील माणूस समजत होते आणि मनातल्या मनात त्याच्यापुढे स्वतःला लहान समजत होते. तो तसा नव्हता. त्याने फक्त माणूस मरू दिला नाही.

आमच्या घटस्फोटाच्या शेवटच्या तारखेला कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये मी बाकावर बसले होते. दोन्ही वकील आत गेले होते. तो समोरच्या बाकावर, मधे एक गार्ड. तो बारीक झाला होता, दाढी वाढवली होती. त्याने उजवा हात वर केला आणि मला दाखवला. दोन बोटं मिटत नव्हती, बाहेरच राहत होती.

"हे तू केलंस," तो मराठीत म्हणाला, हळू, गार्डला कळू नये म्हणून.

"हो," मी म्हणाले. "मीच केलं."

त्याला बहुतेक आणखी काही अपेक्षित होतं. तो वाट बघत राहिला. आतून माझ्या नावाचा पुकारा झाला तेव्हा मी उठले आणि आत गेले.